गुडघ्याच्या अस्तराची चौकशी

आमच्या इमारतीत माझ्या उजव्या गुडघ्याला जितके लोक ओळखतात तितके मला ओळखत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं मी इथे राहतोय, पाण्याचं बिल वेळेवर भरतोय, जिन्यात कुणी भेटलं तर बाजूला होतोय. पण आता जिन्यात भेटणारा माणूस आधी खाली बघतो आणि मग वर. "कसा आहे?" विचारतात. "कसे आहात?" असं कुणी विचारत नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. एका संध्याकाळी फिरून आलो, बूट काढायला बसलो, तर गुडघा वाकेचना. पायजमा वर करून बघितलं, तर गुडघ्याची वाटी जागेवर दिसत नव्हती. तिच्या जागी टम्म फुगलेलं काहीतरी होतं, आणि हात लावला तर गरम लागत होतं. दुखत म्हणाल तर तसं बेताचंच होतं. आता शहाण्या माणसाने अशा वेळी घाबरावं. मला मात्र बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चक्क बरं वाटलं.

लोक मला वेडा म्हणायच्या आत हे जरा उलगडून सांगतो.

आमची ही मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली. मुलगी राहते विमानाने जावं लागतं इतकी लांब. तीन महिने राहून यायचं ठरलं होतं. मग बाळाला सर्दी झाली. मग मुलीची रजा संपली. मग पाळणाघर बघितलं, ते हिला आवडलं नाही. मग बाळाला दात यायला लागले, आणि दात काही एका दिवशी येत नाहीत, रांगेत येतात. आता बाळ घरभर पळतं आणि ही त्याच्या मागे पळते. इकडे मी.

परत ये म्हणायला काय जातं, असं तुम्ही म्हणाल. जातं ना. निघताना ही दारात उभी राहून विचारत होती, "अहो, तुमचं कसं होणार?" आणि मी, समोरच्या वहिनी ऐकतायत हे बघून, छाती काढून म्हणालो होतो, "मला काय धाड भरलीय? तू खुशाल राहा. मी मजेत राहीन." आता सगळ्या मजल्याला ऐकवलेलं हे वाक्य गिळायचं कसं? माणसाला काही मान आहे की नाही? मी बोलावणार नाही, तिने आपणहून यावं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. आणि आपणहून येण्याजोगं काही कारण घडत नव्हतं. तेवढ्यात गुडघा सुजला.

मला फार मोठा आजार नको होता. मरणाबिरणाच्या भानगडीत पडायची माझी इच्छा नव्हती. मध्यम हवा होता. साधारण एका विमानाच्या तिकिटाइतका.

मी लगेच फोन लावला. आवाज जरा खोल काढला. "गुडघ्यात पाणी झालंय बहुतेक," मी म्हणालो.

"अगं बाई. आपटलात का कुठे?"

"नाही. आपलं आपणच झालंय." आपलं आपणच झालेलं दुखणं जास्त वजनदार वाटतं, असा माझा समज.

"पायाखाली उशी घेऊन झोपा. आणि उद्या डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. अरे, अरे, ते तोंडात नाही घालायचं, आजोबा आहेत त्यात."

फोन नातवाच्या तोंडात गेला होता. माझ्या व्याधीचं उरलेलं वर्णन मी त्याच्या येऊ घातलेल्या दाढांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवसापासून इमारत कामाला लागली. आधी सेक्रेटरी आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पण स्वभावाने सगळ्याच खात्यांचे. त्यांनी न विचारता गुडघ्यावर अंगठा दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, "युरिक अ‍ॅसिड. टोमॅटो आजपासून बंद." जाताना त्यांच्या दिवंगत सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा देऊन गेले. सासूबाई किरकोळ अंगाच्या असाव्यात. तो पट्टा माझ्या गुडघ्यावर चढवायला पाऊण तास लागला आणि उतरवायला समोरच्या वहिनींची कात्री.

वहिनींचं म्हणणं, हे सगळं गारठ्याने झालंय, शेक घ्या. सेक्रेटरींचं म्हणणं, शेकाने वाढतं, बर्फ लावा. दोन दिवसांत इमारतीत शेकवाले आणि बर्फवाले असे तट पडले. मला दोघांशीही बिघडवून चालणार नव्हतं, म्हणून सकाळी वहिनींच्या देखत शेक घ्यायचो आणि संध्याकाळी सेक्रेटरींच्या देखत बर्फ लावायचो. तळमजल्यावरचे एक निवृत्त हिशेबनीस तर रोज शिवणाची टेप घेऊन येत, दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजत आणि "डाव्याच्या मानाने अजून जास्तच आहे" असं सांगून चहा पिऊन जात.

मी बिस्किटांचे पुडे आणून ठेवले. बेल वाजायची, मी लंगडत दार उघडायचो, माणूस आत यायचा, बसायचा, दाबायचा, बोलायचा. कित्येक महिन्यांत आमच्या हॉलमधल्या खुर्च्या इतक्या वापरल्या गेल्या नव्हत्या. मला ते आवडत होतं. पण जगात काही टिकत नाही. पाण्याचा पंप बिघडला. एका रात्रीत सगळ्यांचं लक्ष पंपाकडे गेलं आणि माझा गुडघा मागे पडला. बिस्किटं मीच संपवली.

आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र नीट तपासलं. मांडीकडून हाताने पाणी खाली सारलं, वाटीवर बोट ठेवून हलकेच दाबलं, तर वाटी खाली जाऊन परत वर आली. "बघा, तरंगतेय," ते म्हणाले. "सायनोव्हायटिस दिसतोय."

शब्द ऐकूनच मला हुरूप आला. "म्हणजे काय हो?"

"कोटाला आतून अस्तर असतं ना, तसं सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. ते वंगण तयार करतं. अस्तर चिडलं की सुजतं, आणि नको इतकं वंगण तयार करतं. तेच हे पाणी."

"गंभीर आहे?" मी शक्य तितक्या उदास चेहऱ्याने विचारलं.

"अस्तर का चिडलं त्यावर आहे. जंतू असतील, संधिवात असेल, युरिक अ‍ॅसिडचे खडे असतील, झीज असेल, नाहीतर नुसताच ताण. सूज हे उत्तर नाही, प्रश्न आहे. कारण शोधावं लागेल."

मी ती सगळी यादी तोंडपाठ करून घरी आलो. एकटा माणूस, सूज एक आणि कारणं पाच. त्यातलं एखादं तरी तिकिटाइतकं निघेलच की. संध्याकाळी हिला फोन केला आणि सगळी पाचही एका दमात ऐकवली.

मग ही हळूच म्हणाली, "येऊ का मी?"

इतक्या महिन्यांत ज्या तीन शब्दांची मी वाट बघत होतो, ते हे. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"छे छे. कशाला? मजेत आहे मी."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर अक्कलही नाही. "बरं, मग कळवा काय निघतं ते," ही म्हणाली आणि बाळाला भरवायला गेली. मी फोन हातात धरून बसलो. मी एवढं एक "छे छे" गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. आमच्या घराण्यात कुणी कधी "हो, ये" म्हणालेलं नाही. वडील तर स्वतःच्या ऑपरेशनच्या दिवशी आईला म्हणाले होते, "तू कशाला दगदग करतेस, मी जाऊन येतो."

असो. आता रिपोर्टांवरच सगळी भिस्त होती, आणि रिपोर्ट एकामागून एक दगा देत गेले. युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं. सेक्रेटरींच्या ते मनाला लागलं. लॅब बदला म्हणाले. संधिवाताची तपासणी कोरी. एक्स-रेत झीज किरकोळ, "वयाला शोभेशी." सोनोग्राफीत अस्तर जाड झालेलं आणि पाणी भरपूर, पण ते आम्हाला सेक्रेटरींच्या अंगठ्यानेही सांगितलं होतं. शेवटी सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की सुईने थोडं पाणी काढून तपासलं की सगळा उलगडा होईल. पाचेक मिनिटांचं काम. काउंटरवर जाऊन वेळ घ्या.

काउंटरवरच्या बाईंनी संगणकातून मान वर न काढता विचारलं, "सोबत कोण येणार?"

"कुणी नाही. मीच."

"तुम्ही पेशंट. सोबत कोण?"

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले. चालत येईन, चालत जाईन."

"मागे एक जण असेच म्हणाले होते. उठताना चक्कर येऊन इथेच पडले. तेव्हापासून नियम आहे. सोबत माणूस असल्याशिवाय आत घेत नाहीत." मग त्यांनी मान वर केली. "मिसेस नाहीत का?"

"आहेत. मुलीकडे असतात."

"मग मुलीला घेऊन या."

"मुलगी मिसेसकडे असते."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "कुणीही चालेल हो," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "नात्यातलंच पाहिजे असं नाही. ओळखीचं कुणीही."

हे "कुणीही" मला फार लागलं. तारीख लिहून घेतली आणि ताठ मानेने, म्हणजे जितक्या ताठ मानेने लंगडत जाता येतं तितक्या, बाहेर पडलो.

घरी येऊन हिला फोन केला. नियम सांगायचा, बस. नियम मी केला नव्हता, दवाखान्याने केला होता. त्यात माझा मान कुठे जात नव्हता. पण मी नियम सांगितल्या सांगितल्या ही म्हणाली, "मग वहिनींना न्या ना. नाहीतर सेक्रेटरी आहेत. इतकी माणसं रोज येतात म्हणता तुम्ही." खरंच होतं. मीच रोज फोनवर सांगत होतो, आज हे आले होते, आज ते आले होते. पंपाचं काही सांगितलं नव्हतं.

वहिनींकडे गेलो. "आले असते हो भावजी, पण," म्हणाल्या, आणि त्या "पण"च्या मागे गॅसची जोडणी बघायला येणारा माणूस उभा होता, जो कधी येईल ते तोच जाणे. सेक्रेटरींची पंपवाल्याशी निर्णायक बैठक होती. टेपवाले हिशेबनीस म्हणाले, त्यांना दवाखान्याचा वास सहन होत नाही. आधी आणि नंतरचा घेर मात्र ते मोजून देतील. जुन्या ऑफिसातल्या एका मित्राला फोन लावला. बिचारा फार आपुलकीने बोलला, आपण एकदा निवांत भेटलं पाहिजे असं दोनदा म्हणाला, आणि "काय निघालं ते कळव हं" म्हणून फोन ठेवला.

मग मी फोनमधली नावं वर-खाली करत बसलो. इस्त्रीवाला. वीज तक्रार. डबेवाली बाई. प्लंबर. प्लंबर, जुना. दंतवैद्य. सल्ला द्यायला अख्खी इमारत होती, आणि एका सकाळपुरतं शेजारच्या खुर्चीत नुसतं बसून राहायला कुणी नव्हतं. मी कुणाचं वाकडं केलं नाही. भांडणंही नाहीत माझी कुणाशी. तरी असं कसं झालं, ते मला कळेना. त्या दुपारी मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती गुडघ्याची नव्हती.

शेवटी ठरलेल्या दिवशी मी एकटाच गेलो. जाताना एक युक्ती योजली होती. काउंटरवर म्हणालो, "भाऊ आलाय. गाडी लावतोय."

"येऊ देत. आले की नंबर लावते," बाई म्हणाल्या.

ही पुढची पायरी मी योजली नव्हती. मी बाकावर जाऊन बसलो. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ उजवा हात पोटाशी धरून बसले होते. खांद्याचं दुखणं असावं. इस्त्रीचा सदरा, पण वरची दोन बटणं उघडी. एका हाताने लागली नसणार. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. माणसं येत होती, जोडीजोडीने येत होती, आत जात होती. बराच वेळ गेला.

"पार्किंग फार लांब आहे वाटतं," ते गृहस्थ दाराकडे बघतच म्हणाले.

"हो ना. भावाला जागा मिळेना."

"आमच्या चिरंजीवांनाही."

पुन्हा बराच वेळ गेला. मग काउंटरवरच्या बाई त्यांना म्हणाल्या, "काका, मुलाला एक फोन तरी करा." त्यांनी फोन काढला, नुसताच कानाला लावला, "हां, हां, सावकाश लाव," म्हणाले आणि खिशात ठेवला. फोन त्यांनी उलटा धरला होता. मी बघितलं, आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"तुमचे बंधू?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"मला भाऊच नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मुलगा आहे मला. पण त्याच्या शहरातून इथे गाडी लावायला यायचं म्हणजे दोन दिवस लागतील."

मग जे ठरलं ते कुणी सुचवलं, मला सांगता येणार नाही. आम्ही दोघं उठलो आणि काउंटरवर गेलो. ते माझ्यासोबत आणि मी त्यांच्यासोबत. नातं विचारलं तर मेहुणे. कुणाची बहीण कुणाकडे दिलीय एवढ्या खोलात दवाखाने जात नाहीत, असा त्यांचा अंदाज होता, आणि तो बरोबर निघाला. बाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि पार्किंगमधले?"

"जागाच मिळाली नाही. गेले ते," दोघंही एकदम म्हणालो.

त्यांनी दोघांच्या मनगटाला पेशंटची पांढरी पट्टी बांधली आणि दोघांच्या गळ्यात सोबत्याचा हिरवा बिल्ला घातला. गंमत म्हणजे मला त्या बिल्ल्याने जरा बरं वाटलं. मी कुणाचा तरी कुणीतरी होतो, मग तो खांदा का असेना.

घोटाळा आत झाला. दोघांना एकाच वेळी बोलावलं आणि शेजारशेजारच्या खाटा दिल्या. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "सोबतच्यांनी बाहेर थांबा." आम्ही दोघं आज्ञाधारकपणे उठून दाराकडे निघालो. "अहो, पेशंट कुठे चालले? पेशंटनी झोपा." आम्ही दोघं परत येऊन झोपलो. सिस्टर खाटांच्या मध्ये उभ्या राहिल्या. एकदा मनगटं बघितली, एकदा गळे बघितले.

"मेहुणे ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "नाव काय यांचं?"

आता आली का पंचाईत. मेहुण्याचं नाव मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आम्ही त्यांना घरी भाऊच म्हणतो." ते म्हणाले, "आम्ही यांना आदराने नावाने हाक मारत नाही." सिस्टर आता आम्हाला बाहेर काढणार आणि सगळ्या दवाखान्यासमोर माझं हसं होणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. पण त्यांनी मधला पडदा सर्रकन बाजूला सारला. "हे बघा, तुम्ही यांच्यावर लक्ष ठेवा, तुम्ही त्यांच्यावर. चक्कर आली तर जो शुद्धीवर असेल त्याने हाक मारायची. माझ्याकडे आज तेवढीच सोय आहे."

गुडघ्यात सुई जाताना मी मेहुण्यांकडे बघत होतो. "दुखतंय?" त्यांनी विचारलं. "छे," मी म्हणालो. थोड्या वेळाने त्यांच्या खांद्यात सुई गेली, तेव्हा मी विचारलं. तेही "छे" म्हणाले. चेहरे दोघांचेही लिंबाएवढे झाले होते.

नंतर कॅन्टीनमध्ये चहा घेतला. त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावून दिली, कारण बाहेर वारा होता. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, असं ते सहज बोलता बोलता म्हणाले. "तुमच्या मिसेस?"

"मुलीकडे."

"कधी येणार?"

"विचारलं नाही."

ते चहा पिता पिता थांबले. मग मी त्यांना सविस्तर समजावून सांगितलं, की आपण आपणहून बोलावणं कसं बरं दिसत नाही, निघताना काय बोलणं झालं होतं, माणसाचा शब्द म्हणजे काय, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"बरं," म्हणाले. एवढंच.

पाण्याचा रिपोर्ट आल्यावर मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते खूष होते. "एकदम स्वच्छ. जंतू नाहीत, खडे नाहीत, काही नाही. साधा सायनोव्हायटिस आहे, जास्तीच्या ताणाने झालेला. अभिनंदन." मी आभार मानले. दुसऱ्याचं प्रमोशन झाल्यावर मानतात तसे. पाचही कारणांतलं सगळ्यात फुसकं माझ्या वाट्याला आलं होतं.

"चालता किती रोज?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी निघतो. नाक्यापर्यंत, मग तलाव, मग तलावाला फेऱ्या, मग स्टेशनचा रस्ता, मग परत तलाव."

"मग घरी?"

"मग एक बाजारातली फेरी असते. काही घ्यायचं नसतं तसं."

डॉक्टर पेन ठेवून माझ्याकडे बघायला लागले. "या गुडघ्यावर? अहो, हे तीन-साडेतीन तास झाले. कशासाठी इतकं?"

"व्यायाम," मी म्हणालो.

"हा व्यायाम नाही. बंद करा सगळं. दीड महिना संध्याकाळी घरी बसायचं. पाय वर, बर्फ, आणि स्वस्थ बसायचं. दुसरं औषधच नाही याला."

आता त्यांना काय सांगणार? संध्याकाळी आमच्या हॉलमधलं ऊन जातं, तेव्हा घर असं काही गप्प होतं की मी उठून बूट घालतो. रेडिओ लावून बघितलाय. दोन कप चहा करून बघितलाय. बाहेर पडलो की निदान चालायचं काम असतं, आणि दमून परत आलं की झोप येते. म्हणून मी चालत होतो. आणि या भल्या माणसाने औषध म्हणून नेमकं तेच लिहून दिलं होतं, जे टाळता टाळता गुडघा सुजला.

त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बसलो. पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फ. ऊन भिंतीवरून सरकत सरकत गेलं. बेल वाजली नाही. वहिनींच्या घरात कुणीतरी हसलं, मग त्यांनी दार लावून घेतलं. मी बूट शोधायला उठलो, गुडघ्याने कळ दिली, परत बसलो. पळायची सोयही राहिली नव्हती. मी फोन लावला.

"काय म्हणाले?" हिने पहिल्या झटक्यात विचारलं. फोन जवळच घेऊन बसली असावी.

"काही नाही निघालं. सगळं स्वच्छ आहे. साधी सूज आहे, जाईल म्हणाले."

"हुश्श." तिने खरंच मोठा श्वास सोडला. "मी इथे किती काळजीत होते. चला, बरं झालं."

आता यापुढे माझ्याकडे काहीच नव्हतं. जंतू नाहीत, खडे नाहीत, नियम नाही. बर्फ वितळून पाणी पोटरीवरून खाली चाललं होतं.

"तू ये," मी म्हणालो.

"अहो, पण गुडघा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"काही लपवत नाही ना माझ्यापासून?"

"नाही गं."

"मग?"

मी बरेच शब्द शोधले. डॉक्टरांचा शब्द होता, सेक्रेटरींचे होते, वडिलांचेही होते. त्यातला एकही लागू पडेना.

"करमत नाही मला," मी म्हणालो. "तू गेल्यापासून करमत नाही."

मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"हे आधी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर गुडघ्यात सुई घालून घ्यावी लागली नसती."

आणि तिने फोन न ठेवताच मुलीला हाक मारली, आणि तिकिटं कुठल्या वाराची मिळतात ते बघायला सांगितलं.